काळीची आण

दगडोबानं जन्मात कुणावर विश्वास ठेवला असेल तर तो स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा लागेपर्यंतच. दुकानातून आणलेली साखर तो घरच्या तागडीत घालून बघायचा. एसटीचं तिकीट उलटसुलट करून वाचायचा. लग्नात कुणी आहेराचा टॉवेल दिला तर मांडवातच उकलून मधे विरलाय का ते पाहायचा. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "विश्वास तर पानिपतात गेला." बायको साखराबाई म्हणायची, "ह्यांच्यापुढं देव जरी उभा राहिला तर आधी आधार कार्ड मागतील." दगडोबाला ह्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. मागितलं तर बिघडलं कुठं, असंच त्याच्या तोंडावर असायचं.

त्याचं गाव रेणापूरपासून थोडं आत. जमीन काळी, भेगा पडल्या तर हात आत जाईल अशी. सोयाबीन निघालं की मधल्या ओळीतली तूर मोकळी होते आणि मग जोमानं वाढते. दगडोबाचा जीव त्या तुरीत. लातूरच्या मोंढ्यात शेषेराव म्हणून त्याचा जुना आडत्या होता. दर साली तूर त्याच्याच आडतीवर जायची, तिथून डाळमिलवाले न्यायचे. शेषेराववरही विश्वास होता असं नाही, पण त्याच्या लबाडीची सवय झाली होती.

गेल्या साली मात्र विपरीत घडलं. दगडोबाचा टेम्पो मोंढ्यात शिरायला आणि भाव बसायला एकच गाठ पडली. आदल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी कुणी तोंडानं काढेना. शेषेरावनं कान खाजवत सांगितलं, "काय करावं दगडोबा, बंदरावर आफ्रिकेची तूर उतरली. मिलवाल्यांनी तिकडूनच उचलली. हितं कोण इचारतंय आता?"

दगडोबानं समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणजे धनेगावचं धरण, एवढंच त्याला ठाऊक. समुद्रापलीकडून तूर येते, इथपर्यंत त्यानं कसंबसं गिळलं. पण एक गोष्ट घशाखाली उतरेना. त्यानं विचारलं, "त्या जहाजाला कसं कळतं रं, माझी तूर कवा निघती ते?"

शेषेराव हसला. "त्यांची माणसं असत्यात की गावोगाव. फोन करून इचारत्यात, पीक कसं हाय, किती निघल. त्यावर माल मागवत्यात."

तिथंच दगडोबाच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्यालाही एक फोन यायचा. दर रविवारी यायचा, आणि तो पोटच्या पोराचा असायचा.

सत्यम एकुलता एक. लातूरला शिकला आणि न्हावा शेव्याला एका आयातदाराच्या ऑफिसात लागला. कुठली तूर, कुठला वाटाणा, कुठल्या जहाजानं येतोय, कधी उतरणार, ह्याची कागदपत्रं बघायची. रविवारी फोन आला की आधी तब्येत, मग माय काय करतीय, आणि मग हमखास, "अण्णा, तूर कशी हाय?"

आजवर ह्या प्रश्नानं दगडोबाची छाती फुगायची. पोरगं तिकडं खाडीकाठी राहतं, पण रान विसरलं नाही, असं तो पारावर सांगायचा. आता तोच प्रश्न काट्यासारखा सलू लागला. कशाला विचारतो? पगार देतो कोण ह्याला? आणि गेल्या साली ह्यानं विचारल्यावरच जहाज लागलं, ते कसं?

'तूर कशी हाय' ह्याचं उत्तर मात्र ठरलेलं होतं. त्या भागात उभ्या पिकाला चांगलं म्हणायची रीत नाही. नजर लागते. रान पिकानं वाकलेलं असलं तरी विचारणाऱ्याला सांगायचं, "कशाचं काय, गेलं सगळं." विचारणारा मान हलवतो आणि मनात समजतो की पीक जोरात आहे. सत्यम लहान होता तेव्हा बापानं 'गेली' म्हटलं की तो मुद्दाम विचारायचा, "काळीची आण?" दगडोबा त्याला टपली मारायचा आणि हसायचा. काळ्या जमिनीची खोटी शपथ कुणी खात नाही. तिच्याशी खोटं बोललं तर ती मूठ झाकते, असं त्याचा बाप सांगायचा. आण टाळली की पोरगं काय ते समजायचं. पोरगं मोठं झालं, फोनवर आलं, तरी हा खेळ चालूच होता.

यंदा तूर आली ती अशी, की दगडोबानं स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवायला दोन फेऱ्या मारल्या. शेंगा कोपराला घासत होत्या. त्या ओळींमध्येच उभा असताना फोन वाजला.

"अण्णा, तूर कशी हाय?"

"गेली बग."

"काळीची आण?" सत्यम हसतच म्हणाला.

दगडोबा हसला नाही. हा प्रश्न येणार, हे धरून त्यानं बरेच दिवस डोक्यात बेत शिजवला होता. चोर धरायचा तर त्याच्या हाती खुणेची वस्तू द्यावी, आणि ती बाजारात निघते का बघावं. पण हलकी वस्तू चोर उचलत नाही, आणि आण न घेता म्हटलेलं 'गेली' हलकंच. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, जणू रान ऐकत होतं.

"काळीची आण," तो म्हणाला. "मर लागली. उभ्या उभ्या वाळली. आपलीच न्हाई, सगळ्या पट्ट्यात हीच गत हाय."

पलीकडचं हसू विरलं. मग सत्यमचा आवाज बारीक झाला. "अण्णा, जिवाला लावून घेऊ नका. मी हाय न्हवं?"

दगडोबानं फोन बंद केला. चिमूटभर माती कपाळाला लावली, दोन्ही गालांत मारून घेतलं. बांधावरून साखराबाईनं विचारलं, "काय झालं वो?"

"डास," तो म्हणाला.

पुढं उरलेलं सोयाबीन घेऊन तो लातूरला गेला. शेषेरावनं चहा सांगितला आणि सहज म्हणाला, "दगडोबा, तुमच्या रेणापूरकडं तुरीला मर लागली मनं. मुंबईकडून खबर हाय. तिकडची एक पार्टी लई माल मागवतीय."

"कोणती पार्टी?"

"आता मलाच इचारता? तुमचा सत्यम जिथं हाय, तीच की."

चोर सापडला होता. बेत अचूक साधला होता. दगडोबाला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. चहा तसाच राहिला. परतीच्या एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं, ते त्यानं न वाचताच खिशात कोंबलं.

घरी येऊन त्यानं साखराबाईला सगळं सांगितलं, बेतासकट. घरातच भेदी निघाला, आपल्याच अन्नावर वाढलेला, असं तो दात खात म्हणाला. साखराबाईनं भेद्याचं काही विचारलंच नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुमी काळीची खोटी आण घेतली?"

"चोर धरायला घेतली."

साखराबाई उठून आत गेली.

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळं शहर कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवायला गेलेलं असतं. कडब्याची खोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली अंबील. सत्यम न सांगता आदल्या रात्री अंधारातच येऊन दाखल झाला. डोळे खोल गेलेले. बापाशी जपून बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसं. दगडोबाला त्या जपण्यातही पाणी मुरताना दिसलं. काय बोलायचं ते रानात, पांडवांपुढंच बोलू, असं त्यानं ठरवलं.

सकाळी साखराबाई डोक्यावर दुरडी घेऊन पुढं निघाली. दगडोबा मागं, त्याच्यामागं सत्यम अंबिलीनं भरलेला बिंदगा घेऊन. विहिरीचं वळण ओलांडलं आणि सत्यमची पावलं थांबली. पुढं तूर उभी होती. ओळींतून माणूस दिसत नव्हता.

"बग," दगडोबा वळून म्हणाला. इतके दिवस दाबलेलं सगळं वर आलं. "डोळं भरून बग अन् सांग तुझ्या सायबाला. तू इचारायचं, त्यानं जहाज बोलवायचं अन् बापाचा भाव पाडायचा. मी मुद्दाम खोटं सांगितलं तुला. मोंढ्यात ऐकलं मी माझंच बोलणं. तुझ्याशिवाय कुणी नेलं ते तिकडं?"

सत्यमनं बिंदगा खाली ठेवला. एक शेंग हातात धरून तिचे दाणे चाचपले.

"मीच नेलं," तो म्हणाला. "दर साली मीच नेतो. सायेब इचारतोच मला, लातूरकडं कसं हाय. तुमी गेली म्हणायचा, आण टाळायचा, अन् मी सायबाला सांगायचो, तिकडं तूर जोरात हाय, माल मागवू नका, तोटा यील. तो ऐकायचा. गेल्या साली त्यानं आपला माल निम्मा केला. जे जहाज लागलं ते दुसऱ्याचं होतं, अण्णा."

दगडोबा त्याच्याकडे बघत राहिला. सवयीनं त्या चेहऱ्यात खोट शोधू लागला. कुठं पापणी लवते का, कुठं नजर चुकते का. काही सापडलं नाही.

"यंदा तुमी आण घेतली," सत्यम म्हणाला. "माझ्या जन्मात कधी घेतली न्हवती. मी रातभर जागा होतो. सकाळी सायबाला सांगितलं, तूर खरंच गेली. त्यानं आफ्रिकेला सांगून माल दुप्पट केला."

खोपीत साखराबाई भज्जी ढवळत होती. तिचा हात थांबला.

दगडोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडं बंदरावर ह्या रानाचं एक माणूस होतं, एकच, आणि ते आपण आपल्या हातानं आंधळं केलं. मान खाली घालावी तर खाली तीच जमीन, जिची आण घेतली होती.

"फोन लाव," तो म्हणाला.

"काय उपेग न्हाई, अण्णा."

"लाव मनलो न्हवं."

सत्यमनं फोन लावून स्पीकर चालू केला. काय झालं ते आधी स्वतः सांगितलं, मग फोन बापापुढं धरला. दगडोबानं घसा खाकरला. जे वाक्य त्यानं, त्याच्या बापानं, गावातल्या कुणीच उभ्या पिकापुढं कधी उच्चारलं नव्हतं, ते त्याला आता उच्चारायचं होतं.

"सायेब, मी सत्यमचा बाप. तूर गेली न्हाई. तूर चांगली आली. लई चांगली आली. सगळ्या पट्ट्यात चांगली हाय."

साखराबाईनं तोंडावर पदर धरला आणि वाकून हाताला लागेल त्या झाडाच्या बुंध्याशी काळ्या मातीचा टिपका लावला.

पलीकडून हसू ऐकू आलं. "काका, ह्या धंद्यात माझे केस पिकले. पीक चांगलं आलंय असं आपल्या तोंडानं सांगणारा शेतकरी मला आजवर भेटला नाही. माल थांबावा आणि भाव चढावा, म्हणून सांगताय ना? काळजीपोटी बोलताय, मी समजू शकतो. पण माल निघालाय, तो आता समुद्रातून मागं फिरत नाही. आणि सत्यम, घरच्यांना असं बोलायला लावू नकोस. यापुढं लातूरचा अंदाज मी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन."

फोन बंद झाला. दगडोबाला त्या साहेबाचा राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, ह्याची त्याला पक्की खात्री होती, आणि तेच जास्त लागलं.

पूजा मात्र चुकवता येत नव्हती. साखराबाईनं पांडवांपुढं दिवा लावला. मग रीतीप्रमाणे बाप-लेक पिकाभोवती फिरायला निघाले. एकानं पुढून अंबील शिंपडायची, दुसऱ्यानं मागून हाळी द्यायची. शेजारच्या रानांतून हाळ्या ऐकू येत होत्या, लोक हसत होते, एकमेकांना जेवायला बोलावत होते. तुरीच्या शेंगांवर अंबील पडून पांढरे ओघळ उतरत होते. सत्यमनं हाळी दिली, नेहमीसारखीच, पण आवाज मोठा लागला नाही. दगडोबा मागं न बघता चालत राहिला.

बांधाच्या कोपऱ्यावर आल्यावर तो थांबला.

"पुढच्या साली इचारशील न्हवं?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"इचारीन की," सत्यम म्हणाला. त्यानं बापाच्या हातातला रिकामा बिंदगा घेतला. "पर आण मागणार न्हाई."