जात्यावर फिरलेला पाईप
काल जातं धुतलं, तर ओल्या लोखंडाचा वास आला. ही गोष्ट लातूर जिल्हा नवाच झाला तेव्हाची. त्यात दुष्काळ, ज्वारीच नव्हती, म्हणून औशाच्या घरी हे जातं नुसतं बसून होतं. पाण्याच्या पाइपलाइनवर वेल्डर घेणार होते, अन् आमच्या धाकट्या भावजींची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. भंगारातले पाईप जोडून ते सराव करायचे. जोडायच्या आधी पाईपच्या काठाला सगळीकडून सारखा उतार लागतो. ग्राइंडर कुठला? कानशीनं घासायचे, काठ वाकडा व्हायचा, जोड गळायचा. मी म्हणलं, "भावजी, कानस धरा, पाईप मी फिरवते." जात्याच्या तोंडात चिंध्या कोंबून पाईप उभा बसवला अन् खुंटा धरून मी जातं ओढलं, त्यांनी कानस तिरपी टेकवली. सासूबाई ओरडल्या, "अगं, लोखंड दळायलीस का?" भावजी म्हणले, "हाव आई, भाकरी तू थाप!" उतार गोल, एकसारखा निघाला. जोड दिला, पाणी भरलं, तिघं वाकून बघत बसलो. थेंबसुद्धा पडला न्हाई. परीक्षेतल्या जोडातूनही पडला न्हाई. आता नात आयटीआयला वेल्डिंग शिकते, परवा विचारत होती, "आजी, जातं अजून फिरतं का गं?" म्हणून तर धुवायला काढलं.