दहावा गुलाब

शनिवार, ६ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या क्रीडा समितीनं श्री. ग्रिगोरे लुपान यांना मैदानाच्या मधोमध उभं केलं, त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ आणि दहा लाल गुलाबांचा गुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या पुरत्या थांबायच्या आत त्यांच्याकडून गेटची किल्ली मागून घेतली. नारळ देण्याचे मराठीत दोन अर्थ आहेत. समितीनं एका नारळात दोन्ही उरकले.

तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तसंच शिकवलं होतं: कौतुक कधीही करा, तक्रार करताना मात्र घड्याळ बघा. हा लेख मात्र कौतुकासाठी मागवलेला आहे. कोच पंच्याहत्तर वर्षांचे झाले (त्यांना आपण सगळे कोचच म्हणतो), त्यानिमित्त हा गौरव अंक निघतो आहे. अंकाचे संपादक आणि समितीचे सचिव प्रसाद, दोन्ही एकच, मला फोनवर म्हणाले, "काकू, तुमच्याइतकं त्यांना कोणीच ओळखत नाही. फक्त प्लीज, पॉझिटिव्ह लिहा हं." पॉझिटिव्हच लिहिते आहे. कोचबद्दल.

आमची पहिली ओळख एक्स-रेच्या टेबलावर झाली. मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते. एक उंच, हडकुळे गृहस्थ उजवा गुडघा दाखवायला आले. (ते माझे पेशंट होते हे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, निवृत्तीनंतरही तेवढी शिस्त सुटलेली नाही.) मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दुखणं कधीपासून?"

"मॅच संपायला बारा मिनिटं होती, तेव्हापासून."

"कुठली मॅच?"

"तुम्ही पाहिलेली नाही. कोणीच पाहिलेली नाही. पाऊस होता."

पडद्यावर गुडघा उमटला तेव्हा ते वाकून बघत राहिले, जुन्या अल्बममधला फोटो बघावा तसे. मग बोट टेकवून म्हणाले, "हा मी." त्या दिवसापासून मी त्यांची 'मिसेस एक्स-रे'. हलू नका, असं मी त्यांना तीनदा बजावलं होतं. ते त्यांनी आजतागायत ऐकलेलं नाही.

पुढे थोडं थोडं करून कळलं ते असं. रोमानियातल्या रेल्वे वर्कशॉपच्या एका गावात ते वाढले, वर्कशॉपच्याच फुटबॉल संघात राइट बॅक म्हणून खेळले. संघ दुसऱ्या श्रेणीचा. एकदाच, अगदी एकदाच, देशाच्या संघात बोलावणं आलं. त्या मॅचला ते नव्वद मिनिटं रेषेबाहेर उभे राहून अंग गरम करत होते. नाव काही पुकारलं गेलं नाही. घरी परतल्यावर बायकोनं सवयीनं बूट धुवायला मागितले. "धुवायला काही नव्हतंच," कोच मला सांगत होते. "तिनं बूट उलटे करून पाहिले आणि कपाटात ठेवले." वर्षभरात गुडघा गेला. मग वर्कशॉपच्या मुलांना शिकवणं, मग बायकोचं आजारपण आणि तिचं जाणं, मग देशाची दारं उघडल्यावर इथे इंग्लंडात येऊन सँडविचच्या फॅक्टरीतली नोकरी. मुलगा स्पेनमध्ये असतो. रविवारी फोन करतो.

आपल्याकडे ते कसे आले हे नव्या पालकांना ठाऊक नसेल. आपली शाळा तेव्हा माझे यजमान माधव चालवत. बाराखडी संपली की मुलं मागच्या मैदानात बॉलच्या मागे झुंडीनं धावत. कोच तीन शनिवार कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. चौथ्या शनिवारी त्यांनी माधवना विचारलं, "यांना कोण शिकवतं?"

"कोणीच नाही."

"दिसतंय," कोच म्हणाले.

पुढच्या शनिवारी गेटची किल्ली त्यांच्या खिशात होती. ती ६ सप्टेंबरपर्यंत तिथेच होती.

त्यांची मराठी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ती त्यांनी रेषेबाहेर उभ्या राहणाऱ्या आयांकडून उचलली, त्यामुळे ते मुलांना खेळ इंग्रजीत शिकवतात आणि रागावतात मात्र थेट आईसारखे. "दमलास एवढ्यात?" "लक्ष कुठाय तुझं?" एकदा समोरच्या संघाच्या सहा फुटी गोऱ्या कोचना ते "अहो शहाणे!" म्हणाले होते. त्या गृहस्थांनी हसून थँक यू म्हटलं.

त्यांच्या तत्त्वांबद्दल लिहायचं तर एकच पुरे. आपल्या इतिहासातल्या एकमेव फायनलला पाच मिनिटं उरली होती आणि आपण एका गोलनं पुढे होतो. तेव्हा कोचनी आमच्या रेवाला आत पाठवलं. रेवा माझी नात, वय दहा, बॉल आला की डोळे मिटायची. तिनं डोळे मिटले, दोन गोल झाले, कप गेला. प्रसाद तेव्हा पुण्याहून नुकतेच आलेले, उत्साहानं फसफसलेले. त्यांनी डोक्याला हात लावला. "कोच, वी हॅड इट! रेवाला का पाठवलंत?"

"तिचे बूट स्वच्छ होते," कोच म्हणाले.

"म्हणजे?"

"बाकी सगळ्यांचे चिखलानं भरले होते. तिचेच स्वच्छ. स्वच्छ बुटांनी मी कोणाला घरी पाठवत नाही."

रेवा गाडीत बसताना ओरडली, "आजी, बघ, माझी बूट किती घाण झाली!" तिचं लिंगवचन मी त्या दिवशी सुधारलं नाही. आज ती स्कॉटलंडमध्ये शिकते. ते बूट तिनं नेले नाहीत, माझ्या जिन्याखाली आहेत. चिखलही आहे.

आता एक खासगी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माधव गेले तेव्हा अंत्यविधीला कोच काळा सूट घालून आले, हातात सहा पांढरी फुलं. नंतर घरी उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून केलेला पदार्थ डब्यातून घेऊन आले. त्यांच्याकडे गेलेल्यासाठी तो करतात. मी म्हटलं, ही तर आमची खीर, दूध विसरलेली. ते हसले आणि मग मला फुलांचं सांगितलं. त्यांच्या देशात मेलेल्या माणसाला सम संख्येनं फुलं वाहतात. दोन, चार, सहा. जिवंत माणसाला द्यायची तर एक, तीन, पाच. चुकून कोणी सम फुलं दिली तर लोक घरी जायच्या आत एक काढून टाकतात.

महिन्याभरानं मी पुन्हा मैदानावर गेले. तिथे माझं काही काम नव्हतं. रेवाचं कुटुंब तोवर स्कॉटलंडला गेलं होतं. पण घरी बसून किटली किती वेळा उकळायची? कोच गेटपाशी होते. त्यांनी कुंपणाकडेचं एक डॅफोडिल खुडलं आणि माझ्या हातात दिलं. बोट वर करून म्हणाले, "एक."

तेव्हापासून दर शनिवारी आठ वाजता मी माझी घडीची खुर्ची आणि फ्लास्क घेऊन जाते. सराव दहाला असतो. कोच दोन बस बदलून आठला येतात, कुलूप काढतात आणि सगळं मैदान एकटे चालून जातात. काचा, दगड, कुत्र्यांची घाण, सगळं उचलतात. मग आम्ही चहा पितो. कडाक्याच्या थंडीत मैदान दगडासारखं गोठतं तेव्हाही ते येतात, टाचेनं जमीन ठोकून बघतात आणि मला सांगतात, "आज नाही जमणार." मी म्हणते, "नाही जमणार." एवढं एकमेकांना सांगायला आम्ही दोघं पहाटे उठून आलेले असतो. एरवी आठवडाभर माझा आवाज मला ऐकू येतो तो लायब्ररीच्या काउंटरवर.

आता ६ सप्टेंबर. समितीची बाजूही लिहिते, नाहीतर सिस्टर्स मार्क कापतील. इन्शुरन्सच्या फॉर्मवर वय लिहावं लागतं. नवे, लायसन्स असलेले तरुण कोच मिळाले आहेत. फेब्रुवारीत कोच चिखलात पडले, हेही खरं. मीही तिथेच पडले होते, पण माझ्याकडे किल्ली नव्हती, म्हणून मला कोणी शाल घातली नाही. या निर्णयाबद्दल कोचना आधी एक शब्द सांगितलेला नव्हता. ते नेहमीसारखे बूट पॉलिश करून सरावाला आले होते.

गुच्छ हातात आला तेव्हा त्यांची नजर फुलांवरून फिरली. ती मोजते आहे हे मला कळलं, कारण मीही मोजत होते. दहा. त्यांनी किल्ली काढून प्रसादच्या तळहातावर ठेवली आणि मराठीत म्हणाले, "नीट ठेव." मग मी उठले, पुढे गेले आणि गुच्छातला एक गुलाब उपसून काढला. फोटो काढणारे थांबले. "काकू, काय करताय!" प्रसाद म्हणाले. एका बाईंनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. म्हातारीचं डोकं फिरलं, असं ज्यांना वाटलं त्यांच्यासाठी हा खुलासा. तुम्हाला रोमानियाची रीत माहीत नव्हती, ती चूक मी धरत नाही. पण लग्नाच्या पाकिटात आपणही शंभरावर एक घालतोच ना? वरचा तो एक कशासाठी असतो, हे तरी आपल्या लोकांना कळायला हवं होतं.

मी त्यांना गाडीनं घरी सोडलं. मांडीवर शाल, शालीवर नारळ.

"याचं काय करायचं?"

"फोडून खायचं."

"आणि शनिवारचं?"

मी गिअर बदलला. त्या दिवशी कोच स्वच्छ बुटांनी घरी गेले.

पुढच्या शनिवारी आठ वाजता मी गेले, सवयीनं. कोच बंद गेटबाहेर जाळीला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "सहज आलो होतो." दोन बस बदलून सहज! नवे कोच दहाला पाच कमी असताना आले, भला मुलगा आहे. तोवर आम्ही रस्त्यावर उभे राहून चहा प्यायलो. आतल्या गोलपाशी एक फुटकी बाटली पडलेली होती. कोच तिच्याकडे बघत होते.

तेव्हा माझी समितीकडे मागणी एवढीच. सराव नव्या कोचनी घ्यावा, फॉर्मवर त्यांचंच नाव असावं. पण शनिवारी आठ वाजता गेट उघडून मैदान चालून बघण्याचं काम कोचकडे परत द्यावं आणि त्यासाठी किल्ली त्यांच्या हातात परत द्यावी. यात माझा स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचा गौरव हॉल भाड्यानं घेऊन करता येतो, तसाच एका किल्लीनंही करता येतो. त्याला भाषणं लागत नाहीत.

कोच, तुमचा गुडघा आणखी पुष्कळ हिवाळे तुम्हाला मैदानभर नेवो. तुम्ही शतायुषी व्हा असं मी म्हणणार नाही, शंभर ही सम संख्या आहे. एकशे एक तरी जगा. प्रकृतीला जपा, आणि स्वेटर घाला.

समितीनं आपलं उत्तर शनिवार, ८ नोव्हेंबर, सकाळी आठच्या आत मला लेखी द्यावं. फोन नको, व्हॉट्सॲपवर अंगठा नको, कागदावर, सहीनिशी. पोस्टाचा भरवसा नसेल तर हातोहात आणून द्या. त्या वेळी मी कुठे असेन, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. खुर्ची माझी स्वतःची आहे, ती गेटच्या बाहेरही उघडते.

हेमलता कारखानीस