केतकीची कड्यावरची जागा

सनीव्हेलहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं, तरी केतकीनं मागच्या सीटवर दोन जाड जाकिटं टाकली.

"तिकडे फॉग असणार, बाबा. मग म्हणू नका सांगितलं नाही."

केतकी माझी मुलगी. आदल्या दिवशी ती बेलव्ह्यूच्या तिच्या घरून विमानानं आली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिला सर्फिंगला जायचं होतं, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायला. त्यासाठी समुद्राकाठचं कॅम्पग्राऊंड (तंबू ठोकून राहायची जागा) तिला स्वतः बघून ठरवायचं होतं. फोटोत लाट कळत नाही, असं तिचं म्हणणं. गाडी मी चालवायची.

"ट्रिपला तुम्हीही चला, बाबा. टेंट मी लावीन, तुम्ही फक्त चहा करा," असं ती आठवड्याआधीच फोनवर म्हणाली होती.

माझी पत्नी सुधा गेल्यापासून केतकीनं मला "चला" म्हटलं ते पहिल्यांदाच. मी त्या एका शब्दावर आठवडाभर खूश होतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या वाचकांना केतकीच्या सर्फिंगची गोष्ट ठाऊक आहे. कोजागिरीला, पिकनिकला, लग्नाच्या हॉलमध्ये मीच ती हातवारे करून सांगितली आहे. शाळेत असताना तिला हे खूळ लागलं, थंड पाण्यात पाय घातला आणि कुडकुडत घरी पळून आली. सगळे हसायचे. केतकी समोर असली तर तीही हसायची. ती गोष्ट खोटी आहे. खरी काय ते या प्रवासाच्या ओघात येईल.

डोंगर ओलांडून हाफ मून बे या किनाऱ्यावरच्या गावात उतरलो आणि ऊन खरोखरच संपलं. पांढरं, ओलं धुकं, त्यात भोपळ्यांची शेतं आणि निलगिरीच्या झाडांचा वास. पहिली जागा मी शोधलेली होती. आपल्या लोकांची कॅम्पग्राऊंड निवडायची एक रीत आहे. आधी संडास, मग गरम पाण्याची अंघोळ, मग गाडी तंबूला लागून उभी राहते का, म्हाताऱ्यांना सावली आहे का. इंडियन ग्रोसरी किती लांब, हेही कुणीतरी विचारतंच. समुद्र शेवटी. मी त्याच रीतीनं निवडली होती. सपाट हिरवळ, स्वच्छ संडास हाकेच्या अंतरावर, आणि दगडी बांधाच्या आड तळ्यासारखं निवांत पाणी.

"बघ, किती शांत आहे!" मी म्हणालो.

केतकी माझ्याकडे वळली. "आर यू सीरियस, बाबा? सर्फिंगला शांत पाणी?"

"अगं, शिकायला बरं."

"मला शिकायचं नाहीये, मला येतं. इथे बदकं सर्फिंग करतील." आणि ती इतकी हसली की बाजूच्या तंबूतल्या बाईनंही मान बाहेर काढली. मीही हसलो. नागपूरचा माणूस मी. अंबाझरीच्या तलावाहून मोठं पाणी तिशीपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि पोहायला आजही येत नाही. पाणी हलत नसलं की मला बरं वाटतं.

किनाऱ्याच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालो. एका छोट्या गावात थांबून आर्टिचोकचं सूप घेतलं. आर्टिचोक म्हणजे कमळाच्या मोठ्या कळीसारखी दिसणारी काटेरी भाजी. चव थोडी कच्च्या केळ्याच्या वळणाची. सोबत मी घरून पुडाच्या वड्या (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वड्या) आणल्या होत्या. बाहेरच्या बाकावर बसून पहिली वडी तोंडाशी नेली, तेवढ्यात एक समुद्रपक्षी आला आणि माझ्या बोटांतून ती घेऊन गेला. बोटाला खरचटलंही.

"काँग्रॅट्स, बाबा. तुमच्या वडीला पहिला अमेरिकन फॅन मिळाला."

बोटाला टिश्यू गुंडाळता गुंडाळता ती बोलायला लागली. "आता शेवटची जागा बघू. कड्यावरची. शाळेत असताना मी निवडलेली, आठवते? तेव्हा सहा महिने मी रोज स्वेल बघत होते." स्वेल म्हणजे दूरच्या वादळातून निघून किनाऱ्यापर्यंत आलेल्या लाटांच्या रांगा. "नेमकं आपल्या वीकेंडला कडा खचला आणि रस्ता गेला. व्हॉट लक! आता दुरुस्त झाला असेल ना?"

"असेल," मी म्हणालो. सूप गार झालं होतं. मी ते संपवलं.

तिथून पुढचा रस्ता फार सुंदर आहे. एका बाजूला कोबीची शेतं अगदी कड्याच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यापलीकडे एकदम काहीच नाही, फक्त पांढरं धुकं आणि लाटांचा आवाज. सुधाला हा रस्ता आवडायचा. ती खिडकी उघडायला लावायची आणि मग थंडी वाजते म्हणून माझ्यावरच चिडायची. केतकीनं खिडकी उघडली. मला वाटलं, हा रस्ता असाच चालू राहावा आणि ती जागा येऊच नये.

ती आली. निलगिरीच्या झाडांखाली लाकडी चौकी, आतमध्ये लोकरीची टोपी घातलेला म्हातारा. मी गाडी बाजूला लावली. केतकीनं दार उघडलं. "मी विचारून येते, कडा कुठे खचला होता ते."

"विचारू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"कडा खचला नव्हता. रस्ताही गेला नव्हता. बुकिंग मी रद्द केलं होतं."

तिनं दार परत लावून घेतलं. मी सांगितलं ते असं. ती आणि तिच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी अशा चौघींची ती ट्रिप होती. त्या सज्ञान नव्हत्या म्हणून बुकिंग माझ्या नावावर होतं आणि सोबत मी जाणार होतो. त्याच शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन केतकीनं करायचं, असं मी तिला न विचारता कबूल करून बसलो होतो. हे एक कारण. दुसरं, मला त्या पाण्याची भीती वाटत होती. तिला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून दोष कड्यावर ढकलला. मग लोक विचारू लागले, मुलीचं सर्फिंग कसं चाललंय, तेव्हा थंड पाण्याची गोष्ट रचली.

समोरच्या काचेवर धुक्याचे थेंब जमत होते.

"मरिसानं तेव्हाच कॅम्पग्राऊंडला फोन करून मला सांगितलं होतं," केतकी म्हणाली. मरिसा त्या तिघींपैकी एक. "शी सेड, युअर डॅड कॅन्सल्ड इट. मी तिच्याशी भांडले, बाबा. सगळ्या कॅफेटेरियासमोर. म्हटलं, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यानंतर त्या तिघी कधी माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मीही नाही."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, नुकसान एका ट्रिपचं झालं.

"आणि तुम्ही तो जोक सांगायचात ना, तेव्हा मी हसायचे. का माहितीये? तुम्हाला लाज वाटू नये म्हणून."

ती उतरली आणि कड्यावरून खाली जाणाऱ्या लाकडी पायऱ्यांनी निघून गेली. मी वरच्या बाकावर जाऊन बसलो. इथे संडास लांब होता, सावली नव्हती, वारा जाकिटात शिरत होता. खाली लाटा मात्र एकामागून एक, जणू कुणी आखून दिल्यासारख्या, डावीकडून उजवीकडे उलगडत होत्या. केतकी पाण्याच्या कडेला उभी होती. बूट हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली.

पायऱ्यांवरून पिकल्या केसांची एक बाई फळी घेऊन धापा टाकत वर आली. फळी टेकवून तिनं माझ्याकडे सरळ पाठ केली. "जरा चेन ओढता का? हात पोचत नाही." अंगाला चिकटलेला जाड रबरी पोशाख होता तिचा. मी आयुष्यात परक्या बाईच्या पाठीची चेन ओढलेली नाही. डोळे समुद्राकडे ठेवून ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली.

"थँक यू, डार्लिंग," ती म्हणाली आणि खाली बोट दाखवलं. "ती तुमची का? बराच वेळ उभी आहे."

"माझी मुलगी."

"मग फळी का नाही आणली तिनं?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

केतकी वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. मी जाकीट पुढे केलं. तिनं घेतलं, पण अंगात घातलं नाही.

"हीच जागा," ती म्हणाली. "बुकिंग मी करणार. माझ्या नावावर."

"मी येऊ?"

"आत्ता नका विचारू."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिनं मला मिठी मारली, पण नेहमीसारखं "पोचल्यावर फोन करते" म्हणाली नाही. घरी आलो. मागच्या सीटवर वाळू सांडलेली होती. ती मी बरेच दिवस झाडली नाही.

हिवाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग सुरू झालं त्या सकाळी तिचा फोन आला. "मिळाली, बाबा. अगदी कडेची साइट."

"किती जणांची?"

"चार जणींची. मरिसाला शोधलं मी. आधी खूप ओरडली माझ्यावर, मग रडली. बाकीच्या दोघींना तिनंच तयार केलं." मग म्हणाली, "तुम्हाला नाही घेतलं."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खूप वाईट वाटलं आणि बरोबर आहे हेही खरं होतं. त्या चौघींत माझी जागा तेव्हाही नव्हती.

"फोटो पाठवीन," ती म्हणाली.

सनीव्हेलहून समुद्र दिसत नाही, मध्ये डोंगर आहे. उन्हाळ्यातल्या त्या दिवसांत मी इथेच, घरात असेन. तुमच्यापैकी कुणी भेटलात आणि केतकीची ती थंड पाण्याची गोष्ट निघाली, तर ती तिथेच थांबवा. सांगा, ती पळून आली नव्हती, तिला जाऊ दिलं नव्हतं. आणि या उन्हाळ्यात ती जाणार आहे.