शेवटचा तास

मोशीच्या आमच्या शाळेबाहेर थांबणाऱ्या त्या व्हॅनवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. पोरं गाडीत चढताना नुसती ढकलाढकली करायची आणि हे प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत शांतपणे मोजत राहायचे. बघून माझं डोकं फिरायचं.

एकदा बसक्या आवाजात मी सुनावलंच, "अहो काका, ओरडा की जरा! शिस्त म्हणून काही आहे का नाही?"

"मॅडम, शेवटचा तास कुणाचा व्हता, ते पोरं चढतानाच कळतं मला. चित्रकलेचे सर असले की एकमेकांची दप्तरं धरत्यात."

"आणि आज?"

काकांनी दार सरकवून लावलं. "आज तुमचा असणार. घसा बसलाय तुमचा. मिठाच्या गुळण्या करा."

असा संताप आला म्हणून सांगू! घरी येऊन गुळण्या केल्या.