अविनाशचं रिव्हॉल्वर आणि माझं दंतमंजन

अविनाशच्या रिव्हॉल्वरची चांदीची मूठ मी लाल दंतमंजनाने घासली.

हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच्या मुलीचा, राधाचा, फोन आला, "सुरेशकाका, बाबा गेले..." तेव्हा रडू येण्याआधी माझ्या मनात जे आलं, ते लिहायची लाज वाटते. मनात आलं, आता हे सांगायचं कुणाला?

अविनाश बँकेतला माणूस. टाय सरळ, बोलणं सरळ. त्याचा छंद मात्र जुन्या रिव्हॉल्वरांचा, आणि तीही नामांकित सराफी पेढ्यांनी चांदीने मढवलेली. सिंगापुरातल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये त्याच्याकडे अशी तीन होती. परवाना होता, आतली यंत्रणा निकामी केलेली होती, पोलादी कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला. तरी मी तिथे सोफ्यावर बसायचो ते दाराकडे तोंड करून. च्युइंगगम विकायलाही बंदी असलेल्या या देशात ते खाताना दचकणारा माणूस मी!

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माझ्या सेरंगूनच्या घराला रंग लागत होता, म्हणून आठवडाभर त्याच्याकडे मुक्काम होता. वहिनींनी लक्ष्मीपूजनाची निरांजनं, ताम्हन, अत्तरदाणी माझ्यापुढे ठेवली. "भावजी, बसल्या बसल्या एवढं लख्ख करा." माझ्या आईची पद्धत दंतमंजनाची, आणि ते माझ्या बॅगेत असतंच. शेजारीच अविनाशने फोटो काढायला एक रिव्हॉल्वर मांडलं होतं. तो फोनवर बोलत आत गेला. मुठीवर द्राक्षाच्या वेली, आणि सगळं कसं काळं पडलेलं... म्हटलं, मित्राला दिवाळीची भेट. अर्ध्या तासात अशी चमकवली की माझा चेहरा दिसावा.

तो बाहेर आला तोवर मी ते मखमलीत गुंडाळून ठेवलं होतं. त्याने न उघडताच कपाटात टाकलं आणि जेवताना सहज म्हणाला, "वेलींच्या मागचा काळा रंग कारागिराने मुद्दाम भरलाय, सुऱ्या. सगळी किंमत त्या काळ्याला."

मी न मागता आणखी भात वाढून घेतला.

दर दसऱ्याला तो तिन्ही बाहेर काढून शस्त्रपूजा करायचा आणि मला बोलवायचा. पहिल्या वर्षी मी पोट बिघडवून घेतलं. दुसऱ्या वर्षी पळवाट सापडली नाही. त्याने झेंडू वाहिला, मग मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे जरा उजळलंय, नाही?"

"नवा दिवा लावलास ना... त्याचा उजेड."

"हं. असेल." तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करत बसलो.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीतही त्याने विचारलं, "सुऱ्या, काही सांगायचंय?" आणि मी मूर्खासारखा आमच्या ब्लॉकची लिफ्ट कशी बंद पडली ते दहा मिनिटं सांगत बसलो. तो डोळे मिटून ऐकत होता. ओठांवर हसू होतं की धाप, अजून कळत नाही.

परवाना अविनाशच्या नावावर होता, तो गेल्यावर संपला, म्हणून सोमवारी एक परवानाधारक विक्रेता तिन्ही नेणार होता. त्याने वहिनींसमोर विचारलं असतं, हे कुणी घासलं? दोन रात्री झोप नाही. शनिवारी एमआरटी मेट्रोने पासिर रिस गाठलं आणि चपला न काढता दारातच सगळं सांगून टाकलं.

राधाने मखमल उलगडली आणि अविनाशचं भिंग माझ्या हातात दिलं. पानांच्या खाचांत तांबूस पूड बसली होती. जवळ नेलं तर माझ्या मंजनातल्या लवंगेचा पुसट वास...

"मी ब्रशने काढणार होते," राधा म्हणाली. "बाबांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, राहू दे, सुऱ्या स्वतः सांगेल. मग त्यालाच साफ करायला लावू."

वहिनींनी एक मऊ ब्रश माझ्यापुढे ठेवला. तो उचलवेना. मी विचारलं, "पण मीच, हे त्याला कळलं कसं?"

"काका," राधा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आख्ख्या सिंगापुरात लाल पावडरने दात कोण घासतं? ओन्ली यू, लाह!"