दुवीने तुडवलेली माती

पोत्रेरो गावात कुणाची चिमिनेया, म्हणजे अंगणातली मातीची शेगडी, तडकली की लोक म्हणतात, "दुवीने तुडवलेली दिसते." त्यात कुणाच्या मनात वाईट नसतं. जिभेला वळण पडलंय. एकदा चर्चच्या पायरीला भेग गेली तेव्हा पाद्रीबाबाही तेच म्हणाले आणि स्वतःच हसले. दुवी तिथेच झाडत होती. ती झाडत राहिली.

तिचं खरं नाव एदुविहेस. एवढं लांब नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी घेतलं गेलं, आणि पुढे एकदा बापाने मरताना घेतलं. बाकी सगळ्यांना ती दुवी.

बाप त्रिनिदाद. मुलं त्याला आपा म्हणत. तोनालाच्या बाजारात त्याच्या चिमिनेयांना नाव होतं. मोठं पोट, पोटाला तोंड, वर लांब मान. अंगणात ठेवायची, तोंडात लाकडं सारायची. धूर मानेतून सरळ वर जातो आणि ऊब बसणाऱ्याच्या गुडघ्यांना लागते. आपाच्या चिमिनेया पंधरा-पंधरा हिवाळे काढत, ते मातीच्या जोरावर. त्याच्या दोन खाणी होत्या. ओढ्याकाठची काळी माती लोण्यासारखी वळते, पण एकटी वापरली तर वाळता वाळता फाटते. टेकडीवरची पांढरी फाटत नाही, पण तिला धीर नाही. वर मान चढवली की मटकन खाली बसते. म्हणून दोन टोपल्या काळी, एक टोपली पांढरी घ्यायची आणि पायाने तुडवायची. कुठली कुठे गेली ते ओळखू येऊ नये, इतकी.

तुडवायचं काम लहानपणापासून दुवीचं. झगा गुडघ्यापर्यंत खोचून ती अंगणातल्या फरशीवर गोल फिरायची, टाचेने दाबत, आणि तोंडाने मारियामाउलीचं नाव घ्यायची. उजवा पाय पडला की फिदेन्सिओसाठी, डावा पडला की नाबोरसाठी. हे तिचे भाऊ, फिदेन्सिओ थोरला, नाबोर धाकटा, ती मधली. दोघांना एकदम गोवर निघाला होता तेव्हा आईने तिला हे शिकवलं. भाऊ बरे झाले, आई पुढे देवाघरी गेली, पायांची सवय राहिली.

लाझारो नावाच्या गवंड्याने तिला मागणी घातली होती. आपा म्हणाला, "या हंगामाचा माल जाऊ दे." हंगाम गेला. मग फिदेन्सिओ म्हणाला, "हिला दिली तर तुडवणार कोण? नाबोर, तू तुडवशील?" नाबोर हसला आणि विषय तिथेच राहिला. लाझारोने आणखी वर्षभर वाट पाहिली आणि दुसरीकडे लग्न केलं. दुवी त्या लग्नात जेवून आली. कोंबडीचं मोले चांगलं झालं होतं, एवढंच तिने घरी सांगितलं.

आपा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने फार विचार करून वाटणी केली. काळी खाण फिदेन्सिओला, पांढरी नाबोरला.

"एकट्याला साधी घागरसुद्धा करता येऊ नये," तो म्हणाला. "भांडलात तर पोटाला चिमटा बसेल. मग याल गपगुमान." तसल्या अवस्थेतही तो आपल्या हुशारीवर खूश दिसत होता.

"आणि दुवीला काय, आपा?" नाबोरच्या बायकोने, चायोने, विचारलं.

"एदुविहेस दोघांची. ती यांना सांधून ठेवेल."

सांधणाऱ्याला खाण कशाला लागते, असं बहुधा त्याला वाटलं असावं.

पुढे काही वर्षं बरी गेली. मग एका नाताळाच्या आधी सरहद्दीपलीकडच्या व्यापाऱ्याचा ट्रक गावात येऊन उभा राहिला. ड्रायव्हर सारखा अंगणात यायचा, भट्टीकडे बघायचा, घड्याळाकडे बघायचा. भाजायच्या चिमिनेया वरून कोरड्या दिसत होत्या. दुवीने एकेकीच्या बुडाला गाल लावून पाहिला. हात फसतो, गाल फसत नाही. आत ओल असली की त्याला गार लागतं.

"अजून गार आहेत," ती म्हणाली. "चार दिवस थांबा."

"चार दिवस ट्रक काय तुझ्या गालाला बांधून ठेवू?" फिदेन्सिओ म्हणाला.

"जाळ हळू चढवू गं, काही होत नाही," नाबोर म्हणाला.

जाळ हळू चढवला नाही. दोघांनी दोन बाजूंनी लाकूड सारलं. दुपारी भट्टीतून आवाज यायला लागले, आत बसून कुणी मडकी आपटावीत तसे. दुवी भट्टीसमोर गुडघे टेकून बसली, छातीवर क्रूस केला, आणि दर आवाजाला डोळे मिटत राहिली. भट्टी उघडली तर आत खापऱ्यांचा ढीग. ट्रक रिकामा गेला.

"तुझ्या पांढऱ्या मातीत चुनखडी होती," फिदेन्सिओ म्हणाला.

"तुझ्या काळीत गाळ होता. पुराचा चिखल भरलास टोपल्यांत."

"आपा म्हणालाच होता, नाबोरला टेकडी द्या, त्याच्या डोक्याला तेवढंच झेपेल."

"आणि तुला ओढा दिला. म्हटलं, निदान अंघोळ तरी करेल."

"माती दोघांची चांगली होती," दुवी म्हणाली. "ओल्या होत्या त्या."

कुणी ऐकलं नाही. ओल्या होत्या हे मान्य केलं असतं तर दोघांची चूक झाली असती. दोघांची चूक दोघांपैकी कुणालाच नको होती.

त्या आठवड्यात अंगणाच्या मधोमध काटेरी तार आली. तुडवायची फरशी फिदेन्सिओकडे, भट्टी नाबोरकडे. दुवीची खोली नेमकी तारेवर होती, तिला दोन्हीकडे दार होतं. फिदेन्सिओने नुसत्या काळ्या मातीची चिमिनेया करून पाहिली, ती वाळताना तोंडापासून बुडापर्यंत फाटली. नाबोरने नुसत्या पांढऱ्याची केली, तिची मान कलली आणि पोटात जाऊन बसली. दोघांनी एकमेकांच्या फजितीची गावभर वर्णनं केली. पोटाला चिमटा बसला, आपा म्हणाला होता तसाच. पण आले कुणी नाहीत. फिदेन्सिओ वीटभट्टीवाल्याला माती विकायला लागला. नाबोर दुसऱ्याची मडकी टेम्पोतून शहरात पोचवायला लागला.

दुवी सकाळी मक्याच्या तोर्तिया भाजून विकायची, संध्याकाळी चर्च झाडायची. मधल्या वेळात निरोप.

"सांग तुझ्या भावाला, त्याच्या कोंबड्या माझ्या मिरच्या खातात."

"सांग तुझ्या भावाला, मिरच्या खाऊन कोंबड्यांना जुलाब झालेत."

"तुम्ही माझे दोघे भाऊ आहात," दुवी म्हणायची. "तुझा भाऊ, तुझा भाऊ काय करता?"

अशी नऊ वर्षं गेली. फरशीच्या फटींत गवत वाढलं. पहाटे गवतावर दव असायचं तेव्हा ती जाऊन तिथे उभी राहायची, अनवाणी, आणि एकच मागणं मागायची. या फरशीवर दोन्ही टोपल्या पुन्हा एकदा एकत्र ओतल्या जाऊ देत. मग मला ने. देवाकडे तिने स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं कुणाला माहीत नाही, आणि हेही स्वतःसाठी होतं की नव्हतं कोण जाणे.

शेवटी ती फिदेन्सिओकडे गेली. "मला दोन टोपल्या काळी दे."

"कशाला?"

"करायचंय काहीतरी."

"घेऊन जा. पण त्याच्या मातीत मिसळायची नाही."

नाबोरकडे गेली. तोही म्हणाला, "घे की. पण त्याच्या चिखलात घालायची नाही हं."

दुवीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. टोपल्या उचलल्या. गवत उपटून तिने फरशी धुतली आणि झगा खोचला. गुडघे दुखत होते, तरी थांबली नाही. उजवा फिदेन्सिओसाठी, डावा नाबोरसाठी. वळ्या करून एकीवर एक चढवत एकटीने एक चिमिनेया उभी केली. आपा करायचा तशीच, तोंड थोडं रुंद. वाळायला भरपूर दिवस दिले. रोज गाल लावून बघितला. गाल उबदार लागला तेव्हाच चायोला म्हणाली, "भट्टीतल्या कोंबड्या काढ गं."

"एका चिमिनेयासाठी भट्टी लावणार? आत्याबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" चायो म्हणाली. पोरांमुळे तीही तिला आत्याबाई म्हणायची. पण कोंबड्या काढल्या.

कान्देलारियाच्या सणाला, फेब्रुवारीच्या थंडीत, गावात घरोघर मक्याच्या पिठाचे तमाल उकडतात. दुवीने चिमिनेया आपल्या खोलीसमोर मांडली, तमालांचं पातेलं शेजारी ठेवलं, आणि दोन्ही दारांनी दोघांना हाक मारली. "आपासाठी प्रार्थना म्हणायची आहे." आपाचं नाव घेतल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

चिमिनेयाच्या पोटात तिने वाळू घातली होती आणि वर चार काटक्यांचा जाळ. नव्या चिमिनेयाला सुरुवातीचे काही दिवस असाच थोडा थोडा विस्तव देतात. तान्ह्या बाळाला कुणी पोटभर जेवू घालत नाही. भाऊ आले, दोन टोकांना बसले. प्रार्थना झाली. धूर मानेतून सरळ वर गेला, कुणाच्या डोळ्यात आला नाही. फिदेन्सिओने मान वर करून बघितलं. मग तमाल खाऊन झाले, गरम आतोले पिऊन झालं. थंडी वाढली तसे दोघेही पाट पुढे सारत आले. फिदेन्सिओने खिशातली बाटली काढली, स्वतः घोट घेतला आणि न बघताच हात बाजूला केला. नाबोरने बाटली घेतली.

दुवीने छातीशी जपमाळ घट्ट धरली.

"ओढतेय छान," नाबोर म्हणाला.

"काळी चांगली असली की ओढतेच."

"आणि मान उभी कशाने राहिली?"

"राहिली खरी," फिदेन्सिओ म्हणाला. नऊ वर्षांत नाबोरच्या मातीला त्याने दिलेला हा पहिला मान. दोघे हसले. एकाने आपाची नक्कल केली, दुसऱ्याने ती सुधारली. बाटली फिरत राहिली. मग नाबोर उठला आणि भट्टीजवळचा ओकचा ओंडका घेऊन आला.

"नको रे," दुवी म्हणाली. "अजून लहान आहे ती."

"आपाच्या चिमिनेया ओंडके खायच्या."

"पहिल्या दिवशी नाही खायच्या."

"आण रे इकडे," फिदेन्सिओ म्हणाला. ओंडका दोघांनी मिळून आत सारला. वर आणखी एक. जाळ मानेतून बाहेर निघाला. पोरं टाळ्या पिटायला लागली.

आवाज मोठा नव्हता. फांदी मोडावी तसा. तोंडाच्या कोपऱ्यातून भेग निघाली, पोटावरून खाली गेली, आणि आतला तांबडा जाळ तिच्यातून दिसायला लागला.

पोरांच्या टाळ्या थांबल्या. दुवीला पुढचं सगळं आधीच ऐकू आलं. चुनखडी, गाळ, टेकडी, ओढा. तिने डोळे मिटले.

"माझी माती तर स्वच्छ होती," फिदेन्सिओ सावकाश म्हणाला. "मीच काढून दिली."

"माझी पण मीच काढून दिली," नाबोर म्हणाला. "खडा नव्हता त्यात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुडघ्याला गुडघा लागला होता, पाय मागे घ्यावा असं कुणाला वाटत नव्हतं.

"मग तुडवण कच्ची राहिली," फिदेन्सिओ म्हणाला.

"तेच म्हणतो मी. वय झालं तिचं."

"आणि तेव्हाची ती भट्टी? तेव्हाही..."

"तेव्हाही तेच असणार. माती तर दोघांची चांगली होती. ही स्वतःच म्हणाली होती, नाही का?"

फिदेन्सिओ तिच्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, मायाच होती म्हणायची. "दुवी, खरं सांग. तेव्हा ट्रकच्या घाईत तुडवलीस ना? सांग, आता कोण रागावतंय."

दुवीच्या जिभेवर ओंडका होता, ओल होती, गाल होता. आणि समोर एक बाटली होती, जी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होती. तिने नाही म्हटलं असतं, तर बाटली जिथल्या तिथे थांबली असती.

"हो," ती म्हणाली. "घाईत तुडवली."

"बघ," नाबोर म्हणाला. "आणि आपण उगाच."

"उगाचच," फिदेन्सिओ म्हणाला, आणि त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. चायोने डोळे पुसले. दुवीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिने पातेलं उचललं आणि आत जाऊन घासायला घेतलं.

तार त्याच आठवड्यात निघाली. तडकलेली चिमिनेया भावांनी टाकून दिली नाही. गंमत म्हणून अंगणात ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, गोष्ट रंगवून सांगायचे, आणि सगळ्या गोष्टीच्या शेवटी लोक दुवीकडे बघून हसायचे. गावात म्हण रुजली ती तिथून.

मग माल करायची वेळ आली. भावांनी काळी ओतली, पांढरी ओतली, फरशीवर दोन ढीग शेजारी शेजारी पडले. नऊ वर्षं तिने मागितलं होतं ते हेच. चायो बोलवायला आली.

"चला आत्याबाई. दोघं म्हणतात, झालं गेलं विसरा."

"कच्चं तुडवणारी चालेल का?" दुवीने विचारलं.

चायोला तो विनोद वाटला. "मी उभी राहते ना शेजारी. लक्ष ठेवते."

दुवी गेली. झगा खोचला, फरशीवर चढली. चायो कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मधून मधून सांगत राहिली, "इथे राहिलंय, आत्याबाई. हां, इथे दाबा." उजवा पाय पडला, डावा पडला. ओठ हलले नाहीत. फिदेन्सिओसाठी मागायचं काही उरलं नव्हतं, नाबोरसाठीही नव्हतं, आणि तिसरं नाव त्या पायांना कधी शिकवलेलंच नव्हतं.

ऊन फरशीवर आलं तेव्हा नाबोरने पलीकडून विचारलं, "काय दुवी, आज माउलीचं नाव नाही?"

ती थांबली. खाली वाकून मातीचा एक गोळा उचलला, चिमटीत दाबून पाहिला. काळी कुठली, पांढरी कुठली, ओळखू येत नव्हतं.

"माती झाली," ती म्हणाली. "घेऊन जा."

आणि पाय धुवायला ओढ्यावर गेली.