न पटल्यास

फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी इंगोलश्टाटला मुलाकडे होते. मुलगा मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. सून म्युनिकला डॉक्टरेट करत होती. तिचा विषय होता जुन्या लोकांची मृत्युपत्रं, कर्जं आणि घरातलं सामान. जुन्या म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या, आपल्याकडे पेशवाई सुरू होत होती तेव्हाच्या. मला वाटायचं, याला शिष्यवृत्ती देणारे लोक रिकामटेकडे असावेत. मेलेल्या माणसांची पातेली मोजून कोणाचं भलं होणार?

माझ्यापुढे तेव्हा वेगळाच प्रश्न होता. मुलाला तिथे घर घ्यायचं होतं आणि त्यासाठी मिरजेचं घर विकायचं होतं. ते माझ्या नावावर. वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली की झालं. "तिथे एकटी काय करणार? इथे आपलं घर घेऊ," असं मुलगा म्हणायचा, आणि मी दर वेळी काही तरी निमित्त काढायचे. कधी गुडघा, कधी थंडी. मुलगा वाईट नाही. व्यसन नाही, उलट बोलत नाही. तरी हात सहीकडे जात नव्हता आणि का जात नव्हता ते मला सांगता येत नव्हतं.

एका दुपारी मी घेवडा मोडत होते. सून टेबलावर जुन्या कागदांच्या झेरॉक्स पसरून बसली होती. एकदम हसली.

"काय गं, एकटीच हसतेस?"

"अहो आई, ही बाई ऐका. काय खमकी आहे!"

बाई म्हणजे इथल्याच एका खेड्यातली शेतकरीण. नवरा गेलेला. शेत आणि घर मुलाच्या नावावर करत होती. लिहिता येत नव्हतं म्हणून कारकुनाला सांगून लिहवून घेतलं होतं आणि सहीच्या जागी फुल्या मारल्या होत्या. सून वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली.

चुलीमागची उबदार जागा मरेपर्यंत माझी. तांबड्या गाईचं सकाळचं दूध माझं. परसातल्या नासपतीची अर्धी फळं माझी, तीही झाडावरची, खाली पडलेली नव्हेत. स्वयंपाकघरातून जायची-यायची वाट माझी.

"वाटसुद्धा लिहिली?"

"गेनाऊ! अगदी तेच. नाहीतर सून दार लावून घेईल ना," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. मी हसले. खरं तेच बोलली होती.

मग कर्जं. गिरणीवाल्याचं आणि लोहाराचं देणं मुलाने फेडायचं. पण सगळ्यांच्या आधी मोलकरणीचा थकलेला पगार, आणि त्यासाठी तांबडी गाय विकायची नाही. मग सामान. तिच्यामागे लेकीला दोन कथलाच्या ताटल्या, त्यांतली एक चेपलेली.

"चेपलेली हे कशाला लिहायचं?"

"पुढे कोणी म्हणायला नको, आईची ताटली चांगली होती, तुम्ही बदललीत."

मी घेवडा बाजूला ठेवला. सगळ्यात शेवटी असं होतं की न पटल्यास मुलाने गावात दुसरी खोली भाड्याने घेऊन द्यावी, आणि पिसांचा बिछाना आईबरोबर जाईल.

"मुलगा वाईट होता का तिचा?"

"तसं काही दिसत नाही. याला आउसट्राग म्हणतात. घर मुलांना देताना म्हातारी माणसं आपल्यासाठी राखून ठेवायची, ते. पुष्कळ जण लिहायचे. हिने जरा जास्त बारीक लिहिलंय."

ती बाई माझ्या मनातून जाईना. आमच्या आळीत बायका डोळे पुसत 'सगळं तुझंच आहे रे' म्हणून सह्या करायच्या आणि पुढे दुसऱ्यांदा चहा मागायला लाजायच्या. ही लाजली नाही. रडलीही नाही. चूल, गाय, झाड, दार, भांडण, सगळं तिला आधी दिसलं होतं, आणि मुलाला एकही वाकडा शब्द न बोलता तिने ते कागदावर आणलं. अक्षर येत नसताना. मी सुनेला विचारलं, यात 'आपलं' असं कुठे आहे का? तिने शोधलं. नव्हतं. 'माझं' होतं आणि 'त्याचं' होतं.

संध्याकाळी मुलगा आला, बूट काढता काढता म्हणाला, "आल्झो, तर मग आई, वकिलातीची वेळ घेऊ ना?"

"घे. पण आधी माझा आउसट्राग लिही."

त्याने बायकोकडे पाहिलं. "हिने शिकवलं वाटतं!"

"तिने वाचून दाखवलं. शिकवलं त्या बाईने."

"अगं, आपलंच घर असणार आहे ते."

"आपलं म्हणजे कोणाचं? नाव कोणाचं लागणार?"

"माझं आणि हिचं. बँकेला तसंच लागतं."

"मग ते तुमचं. माझं काय, ते लिही. आणि मराठीत लिही, मला वाचता आलं पाहिजे."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय, म्हणून हसत कागद घेतला. मी सांगत गेले. तळमजल्यावर दार असलेली खोली. तिच्यातला हीटर माझ्या हातात. सकाळी तुम्ही उठेपर्यंत स्वयंपाकघर माझं. मिरजेचा तांब्याचा बंब शेजारणीला. माझा नवरा आजारी होता तेव्हा रात्री ती येऊन बसायची, मी झोपायचे.

"भेट म्हणून, असं लिहू?"

"भेट नाही. देणं. फडताळ घराबरोबर जाऊ दे. त्याची एक बिजागरी मोडली आहे, तेही घेणाऱ्याला सांग. आता लिही, न पटल्यास आईला मिरजेचं तिकीट, आणि तिथे खोलीचं भाडं."

त्याने पेन खाली ठेवलं. चेहरा उतरला. "हे मी लिहिणार नाही. मी काय तुला घराबाहेर काढणार आहे?"

"तू काढणार नाहीस. मी निघेन. घर विकलं की मला निघून जायला जागा कुठे राहणार?"

तो खाली मान घालून बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा. मला वाईट वाटलं, पण मी मागे घेतलं नाही. सून म्हणाली, "लिही ना रे. त्या मुलाच्या आईनेही असंच लिहवून घेतलं होतं. मी रोज तो कागद बघते, मला तो कधी वाईट वाटला नाही."

त्याने लिहिलं. तिघांनी सह्या केल्या. पुढच्या आठवड्यात मी वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली.

आता आम्ही नव्या घरात आहोत. माझी खोली तळमजल्यावर आहे, तिला दार आहे. शेजारणीने बंब नेला, तसा फोन आला. गेल्या हिवाळ्यात गॅसचं बिल पाहून मुलगा घरभर हीटर कमी करत फिरला आणि माझाही कमी केला. मी कपाटातून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्याच वाचला. हीटरचं वाचून थांबला नाही, खालपर्यंत वाचत गेला. मग कागद होता तसा घडी घालून परत दिला, वाकून माझा हीटर पुन्हा चारवर केला आणि बाकीचे कमी करायला वर गेला.